घोरपडीचं माप

जुनेद बागवानने मला पेरू तोलायच्या वजनकाट्यावर उभं केलं आणि डोळे बारीक करून आकडा वाचला.

"वीरू, आपलं पोतं भरलंय बे. मागच्या खेपेपेक्षा जास्त हाय."

"सकाळी काय खाल्लंस गं?" वीरभद्रने विचारलं.

"दोन भाकरी. शेंगाची चटणी."

"एक कमी खाल्ली असतीस तर घोरपड अजून थोडी पुढं गेली असती."

"आणि तू एक कमी खाल्ली असतीस तर पुण्यापर्यंत गेली असती," मी म्हणाले.

जुनेदला हसू आवरेना. वीरभद्र खाली वाकून पुढच्या चाकाची हवा दाबून बघू लागला. त्याला चिडवलं की तो नेहमी असाच कुठल्यातरी चाकापाशी जाऊन बसायचा.

सोलापूरबाहेरचा नवा बायपास तेव्हा बांधून तयार होता, पण उद्घाटनाला मनासारखा मोठा माणूस मिळत नव्हता, म्हणून तो तसाच रिकामा पडून होता. आमच्या कॉलेजने तिथे गाडीची चाचणी घ्यायची परवानगी मिळवली होती. आम्ही तिघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. वीरभद्र हत्तुरे मेकॅनिकलचा, टीमचा कप्तान, आणि अंगापिंडाने असा की तो पहिल्या बाकावर बसला तर मागच्या तिघांना फळा दिसत नसे. जुनेद इलेक्ट्रिकलचा. त्याच्या अब्बांचा फळांचा व्यापार, त्यामुळे गाडी वाहून न्यायला टेम्पो फुकटात, आणि आमच्या पान्यांना, वायरींना, अगदी हेल्मेटलासुद्धा पेरूचा वास. आणि मी अंबिका येमूल, टेक्स्टाइलची. मला टीममध्ये घेतलं होतं ते सीट शिवायला.

गाडी उन्हावर चालणारी. लांब, चपटी, तीन चाकांची, पाठीवर सगळीकडे सौर पॅनेल. प्राचार्यांनी तिचं नाव 'तेजोनिधी' ठेवलं होतं. पण ती दिवसभर अंगणात पोट टेकून ऊन खात पडलेली असायची, म्हणून आम्ही तिला घोरपड म्हणायचो.

घोरपड चालवायची ती वीरभद्रनेच, असं सुरुवातीपासून ठरलं होतं. त्याने ती कागदावर काढली, त्यानेच जोडली. पण शेवटचा सांगाडा करताना त्याच्या हातून पाइप आखूड कापले गेले. बसायची जागा वीतभर अरुंद झाली आणि टीममधला एकही मुलगा तिच्यात मावेना. मावले ती मी एकटी. तेव्हापासून वीरभद्रला स्वतःच्या पोटाचा अंदाज नाही, हा कॉलेजभर विनोद झाला आणि मी झाले टीमचं पोतं.

त्या दिवशी चेष्टेला फार वेळ नव्हता. देशभरच्या कॉलेजांची शर्यत होती आणि तिच्यात शिरायला एक अट होती. गाडी बायपासच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, मध्ये एकदाही न थांबता चालली पाहिजे, आणि त्याची सलग फिल्म पाठवायची. मध्ये गाडी थांबली किंवा फिल्ममधून दिसेनाशी झाली, तर सगळं रद्द. फिल्म पाठवायचा तो शेवटचा दिवस.

मी आत शिरले, म्हणजे आडवी झाले. वीरभद्रने वरचं पारदर्शक झाकण लावायच्या आधी माझ्या गळ्यात वॉकीटॉकी अडकवला. जुनेदच्या मामांच्या शादीखान्यातून ते दोन सेट आणले होते. एरवी त्यांच्यावरून 'बिर्याणी संपली, पुढची पंगत थांबवा' असले निरोप जायचे.

"बटण दाबून धरलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं," वीरभद्र म्हणाला. "आम्ही बोलत असलो की तुझं ऐकू येणार नाही. तेव्हा मध्ये तोंड घालू नको."

"आणि तू बोलतच राहिलास तर?"

"तर ऐक. कधीतरी ऐकावं माणसानं."

झाकण बसलं. आत इडल्या वाफवाव्यात तसं तापलेलं होतं. समोर लहानशी सुई होती, पॅनेलमधून किती वीज येते ते दाखवणारी. तिच्यावर एक डोळा आणि रस्त्यावर एक, असं मी निघाले. मागे टेम्पो. जुनेद चालवत होता, मध्ये वीरभद्र, खिडकीशी आमचे खमितकर सर आणि पुढच्या काचेजवळ अडकवलेला सरांचा मोबाइल, फिल्म काढणारा.

"अंबू, ऐकायलीस का? सगळं ठीक हाय?" हेल्मेटमध्ये वीरभद्रचा आवाज आला.

"ठीक आहे," मी म्हणाले.

त्यानंतर काहीतरी घासल्याचा आवाज झाला, धप्प असं काही झालं आणि जुनेदने टाकलेला टेम्पोचा गिअर करकरला तेही मला ऐकू आलं. मग वीरभद्र म्हणाला, "भूक लागली बे." मी बटण दाबून म्हणाले, "सेट चालूच राहिलाय तुमचा." कुणी उत्तर दिलं नाही. सेट सीटच्या फटीत सरकला होता आणि वीरभद्र त्याच्यावर बसला होता, हे मला नंतर कळलं. बटण दाबलेलंच राहिलं. त्यांचं सगळं मला ऐकू येत होतं आणि माझं त्यांना काहीच नाही.

सुरुवातीला मला मजाच वाटली. पेरू कापल्याचा आवाज आला, सरांनी मीठ आहे का विचारलं, जुनेदने सरांना 'कितवा पेरू सर?' असं अदबीने विचारलं. गाडी झकास चालली होती. सुई वर चढत होती.

"वीरभद्र," सर म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. आजची फिल्म गेली की त्या सीटचं बघायला लागेल. शर्यतीत राजवर्धन बसणार आहे."

राजवर्धन म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. आमच्याच कॉलेजात होता. आमच्या शेडमध्ये तो एकदा आला होता, फोटो काढायला.

"हो सर," वीरभद्र म्हणाला.

"आणि अंबिका?" जुनेदने विचारलं.

"अंबिका आहेच की. पाणी, टायर, सगळं बघायला माणूस लागतोच. बदली ड्रायव्हर म्हणून नाव राहील तिचं."

"हो सर," पुन्हा वीरभद्र.

"साहेबांचा शब्द आहे, मी काय करणार? तू असं कर, सांगाडा कापून जरा रुंद करून घे. ते तुझं चुकलंच होतं तेव्हा."

"हो सर."

माझा उजवा पाय ब्रेकवर गेला. टेकला नाही, नुसता वर जाऊन थांबला. थोडा दाबला असता तरी खेळ खलास होता. फिल्म गेली असती, शर्यत गेली असती, राजवर्धनची सीट गेली असती. मला आठवतंय, घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. रडू आलं की घामच होता ते मला तेव्हाही कळलं नाही. ती 'हो सर' तीनदा म्हणण्यातली सहजता मला फार लागली. सरांचं एवढं नाही लागलं. सर कुणालाही कशालाही हो म्हणत.

पण घोरपड त्या दिवशी जशी चालली होती तशी ती आधी कधीच चालली नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुठे खडखड नाही, कुठे ओढत नाही. तिने माझं काय वाईट केलं होतं? मी पाय मागे घेतला.

तेवढ्यात सर ओरडले, "अरे, ते काय? थांबव, थांबव! नाही, थांबवू नको!"

मीही पाहिलं. दुभाजकाच्या पलीकडे, ज्या रस्त्याने आम्हांला परत यायचं होतं, तो रस्ता लांबवर तांबूस दिसत होता. तूर. डाळ भरडायच्या आधी भिजवून वाळत घातलेली. रिकामा, स्वच्छ, तापलेला डांबरी रस्ता, कुणाही शहाण्या बाईने दुसरं काय केलं असतं? कडेला एक बाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती.

"सेट कुठंय? अंबिकेला सांगा!" सर म्हणाले.

"तुमच्याकडं होता सर," वीरभद्र म्हणाला.

"माझ्याकडं कशाला असेल? उतरवा मला. मी जाऊन बाईला सांगतो. तुम्ही परत येईपर्यंत रस्ता मोकळा करून ठेवतो."

टेम्पो थोडा हळू झाला, दार आपटलं, आणि आरशात मला खमितकर सर दिसले, दुभाजकावर एक पाय या बाजूला आणि एक त्या बाजूला टाकून बसलेले.

टेम्पोने पुन्हा वेग घेतला. मग जुनेद भडकला.

"हो सर, हो सर, हो सर! तोंडात दुसरा शब्द नाही का बे तुझ्या? ती पोरगी सहा महिने त्या भट्टीत पडून चालवायली, आणि तू तिची सीट रुंद करून त्या राजवर्धनला देणार?"

"रुंद होत नाही ती."

"म्हणजे?"

"पाइप तसेच जोडलेत. एक कापला की सगळा सांगाडा परत करायला लागतो. नवी गाडीच झाली मग." वीरभद्र म्हणाला, "माझ्या हातून मोजताना चुकलं असं तुला खरंच वाटलं? मी झोपेत कापले का पाइप?"

जुनेदने गिअर बदलला नाही. टेम्पोचं इंजिन तसंच कण्हत राहिलं.

"दिवाळीच्या आधीच कानावर आलं होतं माझ्या," वीरभद्र सांगत होता. "सरांच्या केबिनबाहेर उभा होतो. साहेब म्हणत होते, गाडी तयार झाली की आमच्या राजूला बसवा. तेव्हा सांगाडा व्हायचा होता. अंबू सीट शिवायला घेणार होती, तिला म्हटलं उभी राहा, सीटचं माप घेतो. तिच्याच टेपनं तिच्या खांद्यांचं माप घेतलं. वर दोन बोटं सोडली. बास."

"अन् तू? तूपण बाहेर झालास की."

"मी बाहेरच होतो बे. कच्च्या सांगाड्यावर आपण मैदानात चालवून बघायचो ना सगळे, पाण्याच्या टाकीपाशी वळण होतं बघ. तिथं मी दर खेपेला ब्रेक मारायचो. तू पण मारायचास. तिनं एकदापण मारला नाही. पाय हललाच नाही तिचा. एम-एटी मोपेडवर टॉवेलचे गठ्ठे घेऊन बोळांतनं फिरलेली पोरगी आहे ती. मी तेव्हाच समजलो. गाडी मी करीन, पण चालवणारी ती."

"मग सांग की तिला एकदा! इतके महिने पोतं पोतं करायलोय आपण."

"कशाला? एवढी मजा येते तिला माझ्या पोटावर बोलायला."

मी गाडीत मावते म्हणून मला घेतलं, असं मी इतके महिने धरून चालले होते. घरी अप्पांनाही मी तेच सांगितलं होतं, हसत हसत.

पुढे बायपासचं टोक आलं. तिथे दुभाजक संपत होता. वळण अरुंद होतं आणि कडेला खडी पसरलेली. मला ते वळण फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की माझा पाय ब्रेककडे हलला नाही, मागून वीरभद्र हळूच म्हणाला, "बघितलंस?" आणि जुनेद म्हणाला, "बघितलं."

परतीच्या रस्त्यावर तूर जवळ येत गेली तसे सर दिसू लागले. त्यांच्या हातात खराटा होता. पँट गुडघ्यांपर्यंत दुमडलेली, शर्टाला घामाचा नकाशा, आणि ते दुभाजकाच्या कडेकडेने तूर बाजूला सारत उलट्या पावलांनी मागे मागे येत होते. बाई तिथेच बसून सूचना देत होती. गजराबाई तिचं नाव. सरांना तिने एवढंच कबूल केलं होतं की घोरपडीची चाकं जातील इतकीच पट्टी ती मोकळी करू देईल. आणि ती पट्टी झाडणार कोण, तर ज्याला घाई आहे तो.

घोरपडीचं अंग रुंद पण चाकं आत, एकमेकांच्या जवळ. मी ती तुरीवरून तरंगत न्यावी तशी पट्टीत घातली. गजराबाईने पाहिलं आणि मान हलवली. मग तिचं लक्ष मागच्या टेम्पोकडे गेलं.

"त्यो न्हाई! त्यो डबडा न्हाई जायचा! टायरच्या वासाची डाळ काय तुमची माय खाणार का?"

ती चक्क टेम्पोपुढे येऊन उभी राहिली. जुनेदने करकचून ब्रेक मारला. घोरपड पुढे चालली होती आणि फिल्म काढणारा मोबाइल मागे थांबला होता. मी आरशात पाहिलं. टेम्पोचं दार उघडलं, वीरभद्रने एका हाताने मोबाइल उपटला, दुसऱ्या हाताने पँट वर धरली आणि उडी मारून माझ्या मागे धावायला लागला.

तो उठला आणि इतका वेळ दबलेलं सेटचं बटण सुटलं.

मी माझं बटण दाबलं. "जुनेद, टेम्पो कडेच्या मातीतून काढ. तोवर मी हळू घेते."

"कोण? कुठनं?" जुनेद किंचाळला. मग फटीत हात घालत असल्याची खरखर आली, आणि मग तो बारीक आवाजात म्हणाला, "अंबू... कधीपासनं ऐकायलीस?"

"पेरूपासून."

पुढे नाल्यावरच्या पुलाचा चढ होता. जोरात घेतला तर वीरभद्र मागे राहणार, फार हळू घेतला तर मोटर बंद पडणार. मी सुईकडे बघणं सोडून दिलं आणि मोटरचा आवाज ऐकत राहिले. ती घोगरी झाली की थोडं द्यायचं, मोकळी झाली की काढून घ्यायचं. आरशात वीरभद्र लाल झाला होता. त्याची एक चप्पल तुरीत राहिली होती. तोंड उघडं, पण मोबाइल धरलेला हात सरळ, जराही खाली आला नाही. मी कॉलेजात त्याला कधी कॅन्टीनकडेसुद्धा पळताना पाहिलं नव्हतं. चढ संपला तेव्हा टेम्पो कडेच्या मातीतून धुरळा उडवत आला आणि जुनेदने त्याला चालत्या टेम्पोत ओढून घेतलं. नंतर ती फिल्म पाहिली तर मधला बराच भाग नुसता हलतोय आणि म्हैस धापा टाकते तसा श्वास ऐकू येतोय. पण घोरपड कुठेही दिसेनाशी होत नाही.

सुरुवातीच्या टोकाला छोटा मांडव घातला होता. तिथे अध्यक्षसाहेब आणि राजवर्धन येऊन बसले होते. मी झाकण उघडून बाहेर आले. साहेब म्हणाले, "शाब्बास पोरी. छान चालवलीस. चल राजू, बसून बघ, फोटो घेऊ."

राजवर्धनने गॉगल काढून ठेवला आणि आत शिरला. कमरेपर्यंत गेला. मग खांदे आले. त्याने एक खांदा घातला तर दुसरा वर राहिला, दुसरा घातला तर पहिला. "काका, लय तापलंय आत," तो म्हणाला, आणि मग जरा घाबरून, "काका, निघंना."

जुनेदने आणि मी त्याला काखेत धरून ओढून काढलं. जुनेदने फार हळुवारपणे काढलं, पेरू काढतात तसं.

"हे रुंद करून घ्या या आठवड्यात," साहेब वीरभद्रला म्हणाले.

वीरभद्रचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. त्याने मान डोलावली. आता तो पुन्हा तेच दोन शब्द म्हणणार, एवढ्यात तिथे खमितकर सर येऊन पोचले, चालत, कमरेवर हात ठेवून. त्यांच्या केसांत तुरीचा भुसा होता.

"सर," मी म्हणाले, "सांगाडा कापला तर ही गाडी वेगळी झाली. मग आजची फिल्म चालेल?"

सर म्हणाले, "नाही चालणार. पुन्हा सबंध चाचणी घेऊन..." आणि थांबले. त्यांनी बायपासकडे पाहिलं. मग स्वतःच्या तळहातांकडे, तिथे फोड आले होते.

"साहेब," ते म्हणाले, "गाडी जशी आहे तशीच जाईल."

"आणि राजू?"

"नाही होणार साहेब."

सरांनी साहेबांना उद्देशून 'बघतो' न म्हणता संपवलेलं ते पहिलं वाक्य असावं.

"बदली ड्रायव्हर म्हणून नाव राहील की," जुनेद अदबीने म्हणाला. "पाणी, टायर, सगळं बघायला माणूस लागतोच."

साहेब उठून गाडीत बसले आणि गेले. त्याची किंमत आम्ही मोजली. संस्थेने शर्यतीला जायला बस दिली नाही, आम्ही पेरूंच्या टेम्पोतून दोन दिवस हादरत गेलो. शर्यतीत आमचा नंबर मागून मोजायला सोपा होता. पण चौथ्या दिवशी, निम्म्या गाड्या रस्त्याकडेला उघड्या पडलेल्या असताना, घोरपड स्वतःच्या चाकांवर शेवटच्या रेषेपलीकडे गेली आणि तिच्यात मी होते. तिथे एका मोटार कंपनीच्या माणसाने माझं नाव विचारलं. आज मी नव्या गाड्या चालवून त्यांचे दोष काढायचं काम करते, त्याची सुरुवात तिथली.

ते सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही घोरपड टेम्पोवर चढवली, दोर बांधले आणि ती हलू नये म्हणून वीरभद्र आणि मी तिच्या दोन बाजूंना बसलो. जुनेद पुढे एकटा, आज कधी नव्हे ते गाणं न म्हणता. वीरभद्रच्या पायात एकच चप्पल होती.

बराच वेळ तो दोराच्या गाठी तपासत राहिला. मग म्हणाला, "जुनेद सांगत होता, सेट चालू होता म्हणून."

"होता."

"किती वेळ?"

"सगळा वेळ."

त्याचे कान लाल झाले. तो पुन्हा एका गाठीकडे वळला, पण ती त्याने मघाशीच तपासली होती.

"वीरू, मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? तू डोक्यावर बसली असतीस."

मी हसले. तोही हसला, पण लगेच थांबला. त्याने घोरपडीच्या पाठीवर तळवा ठेवला. पॅनेल अजून कोमट होतं.

"अंबू," त्याने विचारलं, "कशी वाटते गं ती? आतून, चालताना?"

तोवर मला कुणीच ते विचारलं नव्हतं. सगळे वेग विचारत, वीज विचारत. तिचा प्रत्येक सांधा ज्याने जोडला, तो ती पुरी झाल्यावर तिच्यात एकदाही बसला नव्हता.

मग मी सांगायला लागले. सुरुवातीला ती कशी नुसती गुणगुणते ते. झाडाची सावली आली की सुई कशी पडते आणि ऊन परत आलं की पाठीत कुणी हलकेच ढकलावं तशी ती कशी पुढे होते ते. रस्ता डोळ्यांच्या इतका जवळ असतो की डांबरातला एकेक खडा दिसतो, आणि मोटरचा आवाज कानांनी नाही, खांद्यांनी ऐकू येतो. वीरभद्र डोळे मिटून ऐकत होता. टेम्पो गावात शिरला, दुकानांचे दिवे लागत होते, तरी तो डोळे उघडत नव्हता. मी टोकाच्या खडीपर्यंत आले, दुभाजक संपला, गाडी वळवली आणि पुढे परतीच्या रस्त्याचं सांगू लागले, तसा त्याने हात वर केला.

"थांब," तो म्हणाला. "वळणाचं परत सांग."